बैलगाडी सांगते भाषांचे नाते

बैलाच्या मानेवर ठेवतो ते जू. संस्कृतात त्याला ‘युग’ म्हणत. तिकडे दूर युरोपात रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत जू म्हणजे ‘युगुम’, जर्मनमध्ये ‘योख’ आणि इंग्रजीत ‘योक’. गाडीचा आस म्हणजे संस्कृत ‘अक्ष’. लॅटिनमध्ये तोच ‘अक्सिस’. एवढ्या दूरच्या लोकांचे शब्द इतके सारखे कसे?

कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली याचे उत्तर मांडले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच जुन्या, कदाचित लोप पावलेल्या भाषेतून निघाल्या असाव्यात, असे ते म्हणाले. पुढे अभ्यासकांनी हे नाते पक्के केले. या कुळाला भारत-युरोपीय भाषाकुल म्हणतात. मराठी, कोकणी, हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, नेपाळी आणि श्रीलंकेची सिंहली या त्यातल्याच. इराणची फारसी, रशियन, ग्रीक, जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज याही आपल्या दूरच्या भाऊबंद.

नाते ओळखावे कसे? उसन्या शब्दांवरून नव्हे. ‘टेबल’ आणि ‘स्टेशन’ आपण इंग्रजीतून घेतले. आकडे, अवयव आणि घरची नाती यांचे शब्द मात्र सहसा बदलत नाहीत. आपली माय फारसीत ‘मादर’, इंग्रजीत ‘मदर’. शिवाय उच्चारातला फरकही नियमाने होतो. संस्कृतातल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो : पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह. असा नियम लागला की नाते पक्के समजावे.

लिपीवर मात्र जाऊ नये. फारसी अरबी लिपीत लिहितात, पण अरबी भाषा वेगळ्या कुळातली. फिनलंड आणि हंगेरी हे देश युरोपात असले, तरी फिनिश आणि हंगेरियन या भाषा या कुळातल्या नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही सगळ्या भाषा एका कुळातल्या नाहीत. गोंडी ही कानडी आणि तेलुगूप्रमाणे द्राविड कुळातली. ‘तीन’ला कानडीत ‘मूरु’, तेलुगूत ‘मूडु’ आणि गोंडीत ‘मूंद’ म्हणतात. मेळघाटातली कोरकू तर तिसऱ्याच, मुंडा कुळातली. संथाळी तिची नातलग.

म्हणून गोंडी किंवा कोरकू म्हणजे बिघडलेली मराठी किंवा हिंदी, हा समज साफ चुकीचा आहे. घरी कोरकू बोलणारे मूल शाळेत मराठी वाचताना अडखळले, तर त्याला मठ्ठ म्हणू नये. ते एका कुळातून दुसऱ्या कुळात पाऊल टाकत असते. हे काम आपल्यापैकी अनेकांना जन्मभर जमत नाही.

भाषेचे कुळ म्हणजे रक्ताचे कुळ नव्हे, आणि त्यावरून कोणी थोर-लहान ठरत नाही. शेजारधर्म भाषाही पाळतात. आपण थोरल्या बहिणीला प्रेमाने ‘अक्का’ म्हणतो. हा शब्द द्राविड भाषांकडून आलेला आहे, आणि तो आपल्या घरात किती सुखाने नांदतो आहे!