एकदा लिहा, बारा वेळा पेरा!

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत लेख लिहायची पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या, हे सांगायला नकोच!

तर झालं असं. आमच्या हॉस्टेलवर जिंतूर, सोनपेठ, पालम भागातून आलेले 12 ज्युनिअर्स आहेत, त्यांच्याकडे लॅपटॉप नाही. सी प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल तोंडावर आलेली आणि आमच्याकडे 8 जीबी रॅमचा एकच जुना डेस्कटॉप. त्यावर 12 व्हर्च्युअल मशीन चालवायच्या म्हणजे दम निघाला असता. मग सिस्टिम कंटेनर वापरायचं ठरलं.

सिस्टिम कंटेनर म्हणजे काय? व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र घर, त्याचा आडही वेगळा. कंटेनर म्हणजे वाड्यातली खोली. प्रत्येकाचं दार-कुलूप वेगळं, पण आड एकच. हा आड म्हणजे लिनक्सचा कर्नल. म्हणूनच कंटेनर हलके असतात आणि काही सेकंदांत सुरू होतात. तोटाही तोच, आड बिघडला की सगळा वाडा तहानलेला!

ही कल्पना तशी जुनी आहे. युनिक्समध्ये 1979 साली सीएचरूट आलं, 2008 मध्ये लिनक्सवर एलएक्ससी आणि 2014 मध्ये कॅनॉनिकल कंपनीने एलएक्सडी जाहीर केलं. 2023 मध्ये त्यातूनच इन्कस नावाची वेगळी शाखा निघाली. दोन्हींची पद्धत बरीचशी सारखी आहे.

पहिल्या रात्री मी सगळं हातानेच केलं. 12 वेळा युजर बनवा, पासवर्ड द्या, जीसीसी टाका... पहाटेचे तीन वाजले. सकाळी बघतो तर एकात जीडीबीच नाही आणि दुसऱ्यात युजरच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतात ना, अगदी तसला कारभार!

मग शहाणपण सुचलं. काम तीन भागांत वाटलं.

पहिला भाग, पाया. ‘एलएक्सडी इनिट’ कमांड स्टोरेज, नेटवर्क असे बरेच प्रश्न विचारते. शेवटी ती विचारते की ही उत्तरं यॅमलमध्ये छापून देऊ का? ‘यस’ म्हणा आणि ती फाइल जपून ठेवा. पुढच्या वेळी ‘एलएक्सडी इनिट --प्रीसीड < पाया.यॅमल’ एवढंच पुरतं, एकही प्रश्न येत नाही.

दुसरा भाग, प्रोफाइल. प्रत्येक कंटेनरला 512 एमबीची मर्यादा घातली. बारांचे मिळून 6 जीबी, उरलेले 2 जीबी मूळ मशीनला. याच प्रोफाइलमध्ये क्लाउड-इनिटचा मजकूर लिहिता येतो, म्हणजे कुठले युजर, कुठली पॅकेजेस, कुठला टाइमझोन. कंटेनर पहिल्यांदा सुरू झाला की हे सगळं आपोआप होतं. इथे मी दोनदा आपटलो. मजकुराची पहिली ओळ ‘#क्लाउड-कॉन्फिग’ हवीच, नाहीतर कंटेनर छान सुरू होतो पण आत काहीच होत नाही. आणि यॅमलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या.

तिसरा भाग, पेरणी. शेलमध्ये एक ‘फॉर’ लूप आणि त्यात ‘एलएक्ससी लाँच’. तिफण एका फेरीत तीन ओळी पेरते, आमचा लूप बारा! लाँच लगेच परत येतं, पण आत इन्स्टॉलेशन चालूच असतं. म्हणून ‘क्लाउड-इनिट स्टेटस --वेट’ चालवून थांबायचं.

एक अडचण उरली. जीसीसी बारा वेळा डाउनलोड करायला हॉस्टेलचं नेट पुरेना. म्हणून एकच कंटेनर पूर्ण तयार केला, बंद केला आणि ‘एलएक्ससी पब्लिश’ने त्याची इमेज बनवली. बाकीचे तिच्यावरूनच निघाले. नाव-पासवर्डाचं तेवढं क्लाउड-इनिटने केलं.

आता माझी खरी चूक. एक कंटेनर बिघडला. मी ऐटीत म्हणालो, “पुसून टाकू, नवा दोन मिनिटांत!” नवा झालाही. पण आत एका ज्युनिअरचे दोन आठवड्यांचे प्रोग्रॅम होते, ते गेले. तो काही बोलला नाही, वही उघडून पुन्हा टाइप करत बसला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हापासून प्रत्येकाचं काम मूळ मशीनवरच्या फोल्डरमध्ये असतं. ते कंटेनरला डिस्क म्हणून जोडायचं आणि ‘शिफ्ट’ हा पर्याय ‘ट्रू’ ठेवायचा, नाहीतर फाइलींचा मालक ‘नोबडी’ दिसतो आणि काही सेव्ह करता येत नाही.

मित्रांनो, ऑटोमेशनने मशीन दोन मिनिटांत परत येतं. माणसाने केलेलं काम येत नाही. तेव्हा स्क्रिप्ट लिहायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: यातलं काय पुन्हा पेरता येईल आणि काय जपून ठेवायला हवं?