पेसमेकरनंतर खांदा का दुखतो? भीतीपोटी हात बांधून ठेवू नका

पेसमेकर बसवून रुग्ण घरी येतो. हृदयाचे ठोके नीट पडू लागलेले असतात, चक्कर थांबलेली असते. पण काही दिवसांतच नवी तक्रार सुरू होते. डावा खांदा दुखतो, कुशीवर झोपता येत नाही, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना कळ येते. डावा खांदा दुखतो म्हटले की घरातल्यांच्या मनात पुन्हा हृदयाचीच भीती उभी राहते. कोणी मालिश सुचवतो, कोणी शेक. शेवटी एक गोष्ट सर्वानुमते ठरते, ती म्हणजे हात अजिबात हलवायचा नाही.

काळजीपोटी घेतलेला हा निर्णयच पुढे खांदा आखडवतो. घरकाम करणारी बाई असो, बांधकामावरचा मजूर असो की रिक्षाचालक, हात वर जाणे बंद झाले तर रोजीरोटीच अडते. म्हणून ही माहिती प्रत्येक घरातल्या तरुणांना असायला हवी.

ऑपरेशनमध्ये नेमके काय करतात?

पेसमेकर हे बॅटरीवर चालणारे काड्यापेटीएवढे लहान यंत्र. ते बहुधा डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटा कप्पा करून ठेवतात. त्यातून निघालेली बारीक तार, म्हणजे लीड, जवळच्या शिरेतून हृदयापर्यंत नेतात. बहुतेक वेळा एवढे काम जागा बधिर करून होते, छाती उघडावी लागत नाही.

म्हणजे जखम खांद्याच्या अगदी शेजारी असते. तिथली सूज, ताणलेले स्नायू आणि ओढलेली कातडी यामुळे सुरुवातीचे एक-दोन आठवडे दुखणे स्वाभाविक आहे. हे दुखणे दिवसागणिक कमी व्हायला हवे.

दुसरे दुखणे उशिरा येते. तार निसटेल, टाके उसवतील या धास्तीने माणूस हात छातीशी धरून बसतो. मान आणि पाठ आखडते. खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण घट्ट होत जाते आणि काही जणांचा खांदा 'फ्रोजन शोल्डर' होतो. मधुमेह असेल तर हा धोका जास्त. असा खांदा मोकळा व्हायला अनेक महिने लागतात, कधी कधी दीड-दोन वर्षेही.

'हात जपा' म्हणजे काय?

डॉक्टर हात जपायला सांगतात त्याला कारण आहे. तारेचे टोक हृदयाच्या आत पक्के बसायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत हात झटक्याने वर नेला किंवा जड वजन उचलले तर तार जागेवरून सरकू शकते. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे त्या बाजूचे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये, चार-पाच किलोपेक्षा जड वस्तू उचलू नये, ओढू किंवा ढकलू नये, असे सांगितले जाते. पाण्याची कळशी, गॅसचे सिलिंडर, लोकलमधला वरचा दांडा, फळीवरचा डबा, लहान मुलाला कडेवर घेणे हे सगळे त्यात आले.

पण खांद्याच्या खालच्या हालचालींना सहसा मनाई नसते. जेवणे, तोंड धुणे, सदऱ्याची बटणे लावणे, भाजी निवडणे ही कामे त्या हाताने करावीत. घरी येताना हात गळ्यात अडकवलेला असेल तर ती झोळी केव्हा काढायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आठवडेच्या आठवडे ती घालून बसू नका.

पहिल्या सहा आठवड्यांत घरी काय करावे?

- दिवसातून तीन-चार वेळा मूठ उघडा-मिटा, मनगट फिरवा, कोपर वाकवून सरळ करा.
- हात खाली सोडून दोन्ही खांदे हळूच वर उचला, खाली सोडा, मागे फिरवा. मान दोन्ही बाजूंना सावकाश वळवा.
- झोपताना पाठीवर किंवा उजव्या कुशीवर झोपा आणि डाव्या हाताखाली उशी घ्या. पेसमेकर उजवीकडे असेल तर बाजू उलट करा.
- समोरून बटणे असलेले कपडे घाला. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.
- पिशवी, पर्स किंवा झोळीचा पट्टा त्या खांद्यावर नको. ब्लाउजचा किंवा आतल्या कपड्याचा पट्टा काचत असेल तर खाली मऊ कापड ठेवा.
- मोटारसायकल किंवा रिक्षा पुन्हा केव्हा चालवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

व्यायामात हलका ताण जाणवला तर चालेल, कळ आली की तिथेच थांबा. सहा आठवड्यांच्या सुमारास तपासणी झाली आणि डॉक्टरांनी हो म्हटले, की भिंतीवर बोटे चालवत हात रोज थोडा थोडा वर न्या. तेव्हाही हात अर्ध्यावरच अडकत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जाण्यास उशीर करू नका.

गोळी, मालिश आणि मशीन

दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेलीच गोळी घ्या. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून आणू नका. हृदय कमजोर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध सुरू असेल तर त्या घातक ठरू शकतात.

पेसमेकरच्या जागेवर मालिश नको. जखमेवर हळद, तेल, लेप काहीही लावू नका. तिथे फुगवटा आला म्हणून कोणालाही सुई टोचून पाणी काढू देऊ नका, त्यातून जंतू थेट यंत्रापर्यंत पोहोचू शकतात.

फिजिओथेरपीला गेल्यावर पहिले वाक्य हेच असू द्या: "मला पेसमेकर आहे." खांद्याला शेक देणारे डायथर्मीचे मशीन अशा रुग्णांसाठी धोक्याचे असते. विजेचे झटके देणारी इतर यंत्रेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. हाताने करून घेतलेल्या व्यायामानेही खांदा मोकळा होतो.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

जखम लाल होणे, गरम लागणे, त्यातून पू किंवा पाणी येणे, ताप. संपूर्ण हात सुजणे. पुन्हा चक्कर किंवा शुद्ध हरपणे. सतत उचकी लागणे किंवा छाती-पोटाचा स्नायू आपोआप उडणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उचकी क्षुल्लक वाटते, पण सरकलेल्या तारेचीही ती खूण असू शकते. खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम आणि धाप असेल तर १०८ ला फोन करा.

तरुणांच्या हातात काय आहे?

रुग्णालयातून सुट्टी मिळताना वयस्क माणसे प्रश्न विचारत नाहीत. इंग्रजीत लिहिलेला कागद घडी घालून पिशवीत ठेवतात. तिथे तुम्ही सोबत असा. कोणती हालचाल करायची, कोणती नाही, किती दिवस, टाके केव्हा, पुढची तपासणी केव्हा, हे विचारून मराठीत लिहून घ्या. पेसमेकरचे कार्ड नेहमी खिशात राहील हे पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर पुढच्या तपासण्यांविषयी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

सभा-संमेलनांत, मोर्चात ज्येष्ठ कार्यकर्त्यांना गर्दीच्या रेट्यापासून जपा. मोबाइल त्या बाजूच्या खिशात नको. सुरक्षा तपासणीच्या दारातून थबकत न राहता सरळ पुढे जावे आणि कार्ड दाखवून हातातले यंत्र छातीवर फिरवू नका असे सांगावे.

आणि घरात कोणी "आता मी कामातून गेलो" म्हणत असेल तर आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगा. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये शरीराच्या आत पेसमेकर बसवलेले ते पहिले रुग्ण. ते पहिले यंत्र काही तासच चालले. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत ते २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले, आणि गेले तेही कर्करोगाने. आजचे यंत्र त्या काळच्या मानाने कितीतरी भरवशाचे आहे. सहा आठवडे समजून-उमजून हात जपला आणि रोज थोडा हलवत ठेवला, तर बहुतेकांना आपल्या जुन्या कामावर परतता येते.