तिथीच्या दिवशीचे पिठले

डिसेंबरात पुण्या-मुंबईकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्यांच्या घरी चौविहार पाळला जातो, त्यांना दुकानातून घरी परतल्यावर जेमतेम अर्धा तास उरतो. त्यातच चौदस असावी, गृहिणीला उपवास असावा आणि मुले भुकेलेली असावीत. एरवी कापडाचा पोत नुसत्या बोटांनी ओळखणारा मनुष्य अशा वेळी कढईपुढे गोंधळतो. शेव-मुरमुऱ्यांवर वेळ निभावली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत तसेच राहायचे.

अशा संध्याकाळी पिठल्यासारखा आधार नाही. तिथीमुळे हिरवी मिरची व कोथिंबीर वर्ज्य, कांदा-लसूण तर घरात नसतोच. म्हणजे चिरण्याचे कामच राहत नाही. लागते ते सर्व कोरडे आणि स्वस्त. तीन माणसांना एक वाटी बेसन पुरते. अधिक करू नये, कारण उरलेले वासी होते व सकाळी उपयोगी पडत नाही.

प्रथम पीठ चाळून पाहावे. पावसाळ्यात तर ही जयणा चुकवू नये. त्या दिवसांत बेसन थोडे थोडेच आणलेले बरे. मग एक वाटी बेसनात एक वाटी गाळलेले थंड पाणी थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्यात. नवशिक्याची फसगत बहुधा इथेच होते: कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले की गोळे बांधले जातात. तसे झालेच, तर घाबरू नये, रवीने घोटावे.

कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, मग जिरे. आता गॅस बंद करावा. हिंग, हळद, लाल तिखट या बंद आचेवरच घालावे, म्हणजे काही करपत नाही आणि हातही थरथरत नाही. कांदा-लसूण नसताना चवीचा भार हिंगावर असतो, तेव्हा चिमूट जरा सढळ असावी. बाजारातील डबीच्या हिंगात पीठ व डिंक मिसळलेले असतात. लगेच दोन वाट्या पाणी व मीठ घालून पुन्हा गॅस पेटवावा. उकळी फुटली की आच मंद करून कालवलेले पीठ एका हाताने ओतावे, दुसऱ्याने ढवळत राहावे. झाकण ठेवून पाच-सहा मिनिटे शिजू द्यावे, मधून एकदोनदा ढवळावे. कच्च्या पिठाचा वास गेला व वर चकाकी आली की झाले. फार घट्ट वाटल्यास गरम पाणी घालावे.

शेजारच्या शेगडीवर तोवर भात होतो. कच्चे दही किंवा ताक मात्र पानात घेऊ नये. बेसनाबरोबर ते द्विदल होते. वरून कच्चे तेल व चिमूटभर तिखट घेतले की पान भरते, आणि घड्याळात अजून पावणेसहाच वाजलेले असतात.