पुनरावर्तन : गणितातील व्याख्या आणि संगणकीय गणना

प्रस्तावना
एखाद्या संकल्पनेची व्याख्या त्याच संकल्पनेच्या आधारे करणे हा तर्कशास्त्रात दोष मानला जातो. पुनरावर्तनात, म्हणजेच रिकर्शनमध्ये, वरकरणी तेच घडते. तरीही ती व्याख्या निर्दोष ठरते. असे का होते आणि अशी व्याख्या संगणकावर जशीच्या तशी उतरवल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गणितातील स्वरूप
लघू अक्षराची मात्रा एक व गुरू अक्षराच्या दोन, हे छंदशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. पाच मात्रांच्या ओळीत लघू-गुरूंच्या किती रचना संभवतात? शेवटचे अक्षर लघू असल्यास त्यापूर्वी चार मात्रा उरतात, गुरू असल्यास तीन. म्हणून चार मात्रांच्या आणि तीन मात्रांच्या रचनांची बेरीज हेच उत्तर होय. हाच नियम लावत गेल्यास प्रश्न एक व दोन मात्रांपर्यंत येतो. तेथील १ व २ ही उत्तरे प्रत्यक्ष मोजता येतात; त्यांवरून ३, ५, ८ असा क्रम मिळतो. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी हा नियम सांगितला. फिबोनाचीच्या १२०२ मधील ग्रंथामुळे ही संख्यामाला पुढे त्याच्या नावाने रूढ झाली.

येथे दोष टळतो तो दोन कारणांनी : प्रत्येक पायरीवर प्रश्न लहान होतो आणि अखेरीस आधारस्थिती गाठली जाते.

संगणकातील वापर
आज्ञावलीत फंक्शन स्वतःलाच बोलावते. अपूर्ण राहिलेल्या प्रत्येक गणनेची नोंद स्टॅकमध्ये साठते. आधारस्थिती लिहिण्याचे राहून गेल्यास सामान्यतः स्टॅक भरून आज्ञावली बंद पडते. ही चूक तत्काळ लक्षात येते. दुसरी मात्र सहज दिसत नाही. वरील नियमाने तीस मात्रांच्या रचना १३,४६,२६९ येतात. उत्तर अचूक असते. परंतु ते काढण्यासाठी फंक्शन १६,६४,०७९ वेळा बोलावले जाते, कारण तेच उपप्रश्न पुनःपुन्हा सोडवले जातात. आलेली उत्तरे नोंदवून ठेवल्यास अवघ्या २८ बेरजा पुरतात.

समारोप
पुनरावर्तन त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. मर्ज सॉर्टमध्ये यादीचे दोन भाग परस्परांपासून वेगळे असतात. त्यामुळे तेथे अशी पुनरुक्ती होत नाही. व्याख्येची सत्यता आणि गणनेचा खर्च या भिन्न बाबी आहेत. अध्यापनात पहिलीवरच भर दिल्यास विद्यार्थी अचूक, परंतु निरुपयोगी आज्ञावली लिहिण्याचा संभव राहतो. म्हणून पुनरावर्तन शिकवताना ‘कोठे थांबते?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोणते काम पुन्हा होते?’ हा प्रश्नही विचारला जाणे आवश्यक आहे.