बाउंड्रीबाहेरचे कोच

कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा मुलांचा खेळ एक तर रात्री, नाही तर एसी हॉलमध्ये. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च या दिवसांचं भारी अप्रूप. सकाळी सातलाच दोहातली मैदानं भरतात. आई-बाबाही हजर! थर्मासमध्ये चहा, डब्यात पोहे आणि तोंडात अखंड सूचना.

गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकाच्या टीममध्ये एक दहा वर्षांचा मुलगा होता. प्रत्येक चेंडूनंतर तो कोच सरांकडे नाही, बाउंड्रीवरच्या बाबांकडे बघायचा. बाबा ओरडायचे, "अरे, पाय पुढे काढ!" सर केरळचे. ते इंग्रजीतून सांगायचे, "मागे राहून खेळ." पोरानं ऐकायचं कुणाचं? फेब्रुवारीत तो यायचाच बंद झाला. अभ्यास वाढलाय, असं आम्हाला कळलं. माझ्या लेकाला मात्र त्यानं वेगळंच सांगितलं होतं, "घरी जाताना गाडीत बाबा फक्त मॅचबद्दलच बोलतात."

बाबा काही वाईट नाहीत हो. आठवडाभर साइटवर राबून हाच एक दिवस ते मुलाला देतात, फी रियालमध्ये भरतात. पण मुलाच्या वाट्याला काय येतं? आणखी एक परीक्षा!

हे काही आपल्याच लोकांचं नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 2008 मध्ये 'रिस्पेक्ट' मोहीम सुरू केली. मुलांच्या सामन्यांत पालकांनी कुठे उभं राहायचं, यासाठी मैदानाच्या कडेला वेगळी जागाच आखून दिली. आणि आपल्या सचिनचं बघा. 24 वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत आई रजनीताई त्याला मैदानात खेळताना बघायला आल्या त्या थेट शेवटच्या, 200व्या कसोटीला. नोव्हेंबर 2013, वानखेडे. घरच्यांनी बाउंड्रीवरून ओरडलं नाही म्हणून त्याचं काही अडलं का?

आपण इतकं टोक गाठायला नको. जावं, बसावं, टाळ्या वाजवाव्यात, समोरच्या टीमच्या चौकारालाही. शिकवणं सरांवर आणि निर्णय अंपायरवर सोडावा. काही खटकलं तर सरांशी नंतर, मुलासमोर नाही, शांतपणे बोलावं. आणि गाडीत बसल्यावर मॅचचा विषय मुलानं काढला तरच बोलावं. नाही तर सरळ विचारावं, "भूक लागली का रे?"

इथे 2012 पासून फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी राष्ट्रीय क्रीडा दिनाची सुट्टी असते. सगळ्यांनी घराबाहेर पडून खेळावं, एवढाच तिचा हेतू. जिंकायची अट नाही!

आणि गावाकडच्या आजी-आजोबांना एक विनंती. व्हिडिओ कॉलवर "किती रन काढल्या?" हे जरा उशिरा विचारा. आधी विचारा, "मजा आली का?"