शितावरून भाताची परीक्षा

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी लाखो मुले आपला बैठक क्रमांक संगणकावर किंवा फोनवर टाकतात आणि गुण समोर येतात. हे गुण पुरवणारा, दूर कुठेतरी अहोरात्र चालणारा संगणक म्हणजे सर्व्हर. बँका, रेल्वे, रुग्णालये यांचा कारभारही अशाच सर्व्हरांवर चालतो.

त्यांवरचे सॉफ्टवेअर माणसांनीच लिहिलेले असते, म्हणून त्यात चुका राहतात. चूक सापडली की ती सुधारणारे ‘अपडेट’ तयार होते. तुम्ही म्हणाल, मग ते लगेच सगळीकडे बसवावे. त्यात विचार कसला? दोन घटना पाहा.

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका चुकीवर अपडेट दिले. अनेकांनी ते बसवलेच नाही. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्रॅम त्याच चुकीतून आत शिरला आणि माहिती कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. ब्रिटनमधील कित्येक रुग्णालयांना शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. हा दिरंगाईचा दंड.

आता उलट बाजू. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या संरक्षक सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट जगभर एकदम पाठवले. ते ७८ मिनिटांत मागे घेतले, पण तेवढ्यात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. अनेक ठिकाणी माणसाने प्रत्येक संगणकापाशी जाऊन ती सदोष फाइल पुसली. हा घाईचा दंड.

मग करावे काय? भात शिजला का, हे आपण एक शीत दाबून पाहतो. जाणकारही तसेच करतात. आधी माहितीची प्रत काढून ठेवतात. मग अपडेट वेगळ्या संगणकावर तपासतात. त्यानंतर शंभरांतल्या दोन-तीन सर्व्हरांवर ते बसवून लक्ष ठेवतात. बिघाड दिसताच जुनी आवृत्ती परत आणतात. सारे ठीक असेल तरच पुढे जातात.

पण एका शितावरून भात का कळतो? कारण पातेल्यातली सारी शिते सारख्याच उष्णतेत शिजतात. तपासणीचा संगणकही खऱ्या सर्व्हरसारखाच हवा. नाहीतर परीक्षा फसवी ठरेल.

शाळेच्या संगणककक्षात अपडेटची सूचना आली, तर शिक्षकांच्या मदतीने ते आधी एकाच संगणकावर बसवा, दोन दिवस निरीक्षणे वहीत नोंदवा, मग बाकीच्यांकडे वळा. मात्र त्या एका संगणकावरच थांबू नका!