पुडीतले एक लाख

आजोबांच्या चंचीतली चुन्याची डबी आता बरीचशी मागे पडली. तिच्या जागी टपरीवरची प्लॅस्टिकची पुडी आली. तंबाखू मळून झाली की उरलेली पुडी खाटेवर, खिडकीत, शर्टाच्या खिशात. मऊ, गार, दाबायला मजा येणारी. पोर ती तोंडासमोर धरतं, दोन्ही मुठींनी दाबतं, आणि ती फुटते ती नेमकी डोळ्यात.

अश्रूंचा सामू साधारण ७.४, चुन्याच्या संपृक्त निवळीचा १२.४. फरक पाचाचा. पण सामूचं माप फूटपट्टीसारखं नसतं, तिथली प्रत्येक पायरी दसपट असते. पाच पायऱ्या म्हणजे एक लाख पट. अश्रूंपेक्षा लाख पट अल्कधर्मी पदार्थ, आणि त्याच्यासमोर बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. खिशातलं एटीएम कार्डसुद्धा त्याहून जाड असतं.

आम्ल उडालं तर वरची प्रथिनं साकळतात आणि थोडा तरी बांध पडतो. चुना तसं होऊ देत नाही. पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशाचा तो अक्षरशः साबण करतो आणि आत उतरत राहतो. बुबुळाच्या कडेला पडदा नव्याने घडवणाऱ्या मूळ पेशी असतात; त्या जळाल्या की डोळ्यात फूल पडतं, आणि दुसऱ्याचा पडदा बसवला तरी तो बहुधा टिकत नाही. सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर आणखी एक फटका: जखम भरेपर्यंत मेंदू त्या डोळ्याकडे बघणंच सोडून देऊ शकतो.

रडून चुना निघून जाईल, असं वाटतं ना? हिशोब करू. डोळ्यावर एका वेळी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात, नळाच्या एका थेंबाच्या सातव्या हिश्श्याएवढे. लिटरभर पाण्यात चुना जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा, १० मिलिग्रॅमचा कण पापणीखाली अडकला, तर तो विरघळवायला डोळा आठशेहून अधिक वेळा नव्या अश्रूंनी भरावा लागेल. तोवर कण जाळतच राहतो.

जगात वर्षाकाठी डोळ्याच्या सुमारे साडेपाच कोटी दुखापती होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने १९९८ मध्ये मांडलेला अंदाज आहे. सगळ्या वयांच्या, आणि एका दिवसाहून जास्त काळ कामात खोळंबा करणाऱ्या. म्हणजे मिनिटाला शंभरावर. दुखापतीने एका डोळ्याची नजर गेलेले किंवा अधू झालेले १.९ कोटी; तुलनेला, २०११च्या जनगणनेतली अख्खी मुंबई १.२४ कोटींची होती.

दिवाळीतली फुलबाजी हजार अंशांच्या आसपास जळते, तिला निदान आपण घाबरतो तरी. पुडीला कोण घाबरतं?

चुना उडालाच तर दूध, मध, तूप, गुलाबपाणी, लिंबू यातलं काही नको. डोळे चोळू देऊ नका. दुखरा डोळा खालच्या बाजूला येईल असं मूल आडवं करा, पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि नाकाकडून कानाकडे स्वच्छ पाण्याची धार सोडा. वीस मिनिटं, घड्याळ लावून. मूल किंचाळेल, थांबू नका. रिक्षा त्यानंतर. दवाखान्यात वरची पापणी उलटून कण काढायला सांगा.

आणि आज रात्री झोपण्याआधी घरातली पुडी कुठे पडलीय, तेवढं बघा.